विंचू चावलेल्या माणसाला कमरेतली भूल चढत नाही, हे खरं का?

गडगा (मंगळवार, रात्री ९:४०)

धागा काढायचं कारण घरचंच आहे. आमचे अण्णा, वय ७४, काल सकाळी मागीलदारी शेवाळावरून घसरले. पायरीवर बसल्यासारखे पडले आणि उठताच येईना. गुहागरहून गाडी करून चिपळूणला आणलं. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन गुरुवारी सकाळी.

आता मूळ मुद्दा. अण्णांना आयुष्यात तीनदा विंचू चावलाय. एकदा गडगा रचताना चिऱ्याखाली हात घातला तेव्हा, एकदा उडवीतून पेंढा ओढताना आणि एकदा चपलेत. नऊ वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या एका ठिकाणी. कमरेत इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, चिमटा काढला तर अण्णा म्हणाले, "दुखतंय की!" पुन्हा टोचलं. एक पाय बधिर झाला, दुसरा तसाच. शेवटी तोंडावर मास्क ठेवून पूर्ण झोपवलं. बाहेर आणल्यावर तिथल्या वॉर्डबॉयनं मला विचारलं, "यांना विंचू चावलाय का कधी?" हो म्हटलं, तर म्हणाला, "मग बरोबर. अशांना भूल लागत नाही."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता झोप लागत नाहीये. उद्या भूल देणारे डॉक्टर तपासायला येणार आहेत. त्यांना हे सांगू का? की खेडवळ समजतील?

---

वेंगुर्लेकर_झील (रात्री ९:५८)

माझ्या आजाक चार वेळा इंचू चावलेलो. भूल लागता काय नाय ता म्हायत नाय, पण जेवल्यार असो घोरायचो की शेजारी उठान बसत.

गंमत सोडा. अण्णांका लवकर बरा वाटांदे. सांगून टाका डॉक्टरांक, सांगूक पैसे पडनत नाय.

---

भुलवणारी (रात्री १०:३५)

मी भूलतज्ज्ञ आहे, कोकणातच. गडगा, नक्की सांगा. कोणी हसणार नाही, आणि हसलं तर तो त्यांचा कमीपणा.

वॉर्डबॉयचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. विंचू चावून गेलेल्या माणसांना लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन अशी भुलीची औषधं नीट लागली नाहीत, उशिरा लागली किंवा लागलीच नाहीत, अशा नोंदी आपल्याच देशातल्या भूलतज्ज्ञांनी वैद्यकीय मासिकांतून छापल्या आहेत. मात्र त्या थोड्या रुग्णांच्या आहेत. त्यावरून "विंचू चावला की भूल नाही" असा नियम करता येत नाही.

संशय का येतो ते सांगते. मज्जातंतूच्या अंगावर सोडियमची बारीक दारं असतात. ती उघडली की सोडियम आत शिरतं आणि वेदनेची वर्दी पुढे जाते. भुलीचं औषध तंतूच्या आत शिरून ह्या दाराला आतून कडी घालतं. वर्दीच जात नाही, म्हणून दुखत नाही. विंचवाच्या विषाचा धंदा त्याच दारावर, पण उलटा. ते दाराला पाचर मारतं, दार मिटूच देत नाही. म्हणून विंचू चावल्यावर तंतू पेटल्यासारखे होतात. एकाच दारावरचे हे दोन गिऱ्हाईक. त्यामुळे कोणाला वाटलं की विषाविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिद्रव्यं पुढे भुलीच्या औषधालाही आडवी येत असतील. हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही.

माझा अनुभव विचाराल तर चिरेखाणीतले, लाकूडतोडीचे, आंबा बागेतले असे विंचू चावलेले पुष्कळ लोक माझ्या टेबलावर आले. बहुतेकांना भूल व्यवस्थित चढली. दोघा-तिघांना नाही. ती विंचवामुळे की माझ्या सुईमुळे, हे छातीठोक सांगणार नाही.

---

शंकासूर (रात्री ११:०२)

मी डॉक्टर नाही, आकडेमोड करणारा माणूस. कोकणात ज्याला भूल लागली नाही त्याला विचारा, "विंचू चावला होता का?" दहातले सहा हो म्हणतील. पण ज्याला झक्क लागली त्याला हा प्रश्न कोणी विचारतच नाही! त्यालाही चावलेला असतोच. अशी मोजदाद केली तर डोक्यावर नारळ पडल्यामुळेही भूल लागत नाही हे सिद्ध करून दाखवीन.

भुलवणारी ताई, कमरेतली भूल फसायची नेहमीची कारणं काय, तेवढं सांगा. मला वाटतं चोर तिथेच आहे.

---

भुलवणारी (रात्री ११:२०)

तुमचं बरोबर आहे, आणि त्या नोंदींवर हाच आक्षेप घेता येतो.

नेहमीची कारणं साधी असतात. सुईचं टोक मणक्यातल्या पाण्याच्या पिशवीत अर्धं आत, अर्धं बाहेर राहतं. थेंब दिसतो, पण औषध भरताना हात केसभर हलला की निम्मं बाहेर जातं. म्हातारपणी मणके चिकटलेले, पाठ वाकलेली, वाट सापडत नाही. कधी औषधाची मात्रा कमी पडते, कधी ते भलतीकडे पसरतं. आपण वापरतो ते ब्युपिव्हाकेन 'हेवी' असतं, म्हणजे त्यात साखर घालून ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड केलेलं. ते उताराला वाहतं, अगदी पन्हळीतल्या पाण्यासारखं. रुग्णाला एका कुशीवर जास्त वेळ ठेवलं तर खालचा पाय ठार बधिर आणि वरचा जागा. "एक पाय बधिर, दुसरा तसाच" हे वाचल्यावर माझ्या डोक्यात आधी हेच आलं.

औषध उन्हात पडलेलं असणंही कारण असू शकतं, पण त्याच पेटीतली दुसरी बाटली दुसऱ्याला लागली की तो संशय फिटतो.

---

पाणकोंबडी (बुधवार, सकाळी ७:१५)

विंचवाचं माहीत नाही, पण माझी दाढ काढताना चार इंजेक्शनं दिली तरी जीव गेला. विंचू कधी चावला नाही हो मला! मग माझं काय?

---

भुलवणारी (सकाळी ७:४०)

दाढेला पू होता का? असेल तर उत्तर तिथेच आहे. पू झालेली जागा आंबट असते. त्या आंबटपणात लिग्नोकेनचा तंतूच्या आत शिरणारा भाग कमी उरतो आणि कडी घालायला आत जातच नाही. म्हणून दंतवैद्य आधी पाच दिवस गोळ्या देतात, किंवा दूरची मोठी नस बधिर करतात.

आणि लागत नाही म्हणून ओतत राहायचं नसतं, हे सगळ्यांसाठी. लिग्नोकेनची मर्यादा साधारण किलोमागे ३ मिलिग्रॅम, अॅड्रेनलिन मिसळलेलं असेल तर ७ पर्यंत. त्यापुढे रक्तात जास्त गेलं की ओठ-जीभ बधिर होते, तोंडाला धातूची चव येते, कानात शिट्टी वाजते, मग झटके. ब्युपिव्हाकेन तर थेट हृदय धरतं. १९७९ साली अमेरिकेत ह्यावर मोठी ओरड झाली होती. आता आम्ही भूल द्यायच्या खोलीत २० टक्क्यांचं चरबीचं द्रावण, दुधासारखं पांढरं, हाताशी ठेवतो. ते शिरेतून दिलं की औषध हृदयावरून ओढून घेतं. कमरेतल्या भुलीला औषध इतकं थोडं लागतं की ही भीती त्यात जवळजवळ नसते.

---

सिस्टर_निवृत्त (सकाळी ९:०५)

विंचवाचा विषय निघाला म्हणून लिहिते. रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर माझी सुरुवात झाली. लाल विंचू चावलेलं पोर आलं की आमच्या पोटात गोळा यायचा. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण मारायचा तो लाल. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, आणि पहाटेपर्यंत तोंडाला गुलाबी फेस. जुन्या काळी असे गंभीर झालेले शेकडा पंचवीस-तीस दगावत.

मग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनची गोळी वापरून दाखवली. रक्तदाबाची साधी स्वस्त गोळी. विषामुळे अंगातल्या शिरा आवळतात आणि हृदयावर भार येतो, तो भार ती उतरवते. मृत्यू शंभरात तीन-चारांवर, पुढे त्याहून खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही जुन्या सिस्टर एकमेकींना फोन करून रडलो.

भुलीचं औषध तेव्हाही हाताशी असायचंच. बोटाला चावला असेल तर डॉक्टर बोटाच्या मुळाशी साधं लिग्नोकेन भरायचे. रुग्ण शांत व्हायचा. पण नातेवाईक म्हणायचे, "दुखायचं थांबलं, आता घरी नेतो." तिथे मी दारात उभी राहायची. दुखणं थांबलं म्हणजे विष उतरलं असं नव्हे. छाती-रक्तदाब बघायला रात्रभर ठेवावंच लागायचं.

आणि हो, काही काहींना तेही इंजेक्शन लागायचं नाही. पुन्हा भरावं लागायचं. पण ते चावा ताजा असताना. तीस वर्षांनी लागत नाही म्हणणं वेगळं.

---

पाकटवाला (सकाळी १०:३०)

हर्णैहून. आमच्याकडे विंचू कमी, पाकट माशाच्या शेपटीचा विषारी काटा जास्त. जाळं झाडताना पोटरीत घुसला तेव्हा गावच्या दवाखान्यात बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तासाभरात पुन्हा ठणका. आमच्या होडीवरचा प्रमुख, म्हातारा तांडेल म्हणाला, पाय ऊन पाण्यात घाल, सोसेल इतक्या ऊन. घातला. अर्ध्या तासात निवलं. शिंगाळा माशाचा काटा लागला तरी हेच.

अवांतर झालं, माफ करा.

---

भुलवणारी (सकाळी १०:५०)

अवांतर कसलं, तांडेल बरोबरच होता. माशाच्या काट्याचं विष उष्णतेनं मोडतं. पाणी ४५ अंशांच्या आसपास, तीस ते नव्वद मिनिटं. आधी दुसरा चांगला पाय घालून बघायचा, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. पण काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर तो काढावाच लागतो. विंचवाला मात्र हा उपाय करत बसून वेळ घालवू नका.

---

गडगा (दुपारी १:१०)

सगळ्यांचे आभार. दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय, वर रेंज नाही. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अण्णा रक्त पातळ होण्याची गोळी घेतात, चालते का? आणि नातेवाईक म्हणतायत, एवढी भानगड आहे तर सरळ पूर्ण भूलच द्यायला सांग. ह्या वयात ती झेपेल का? काकू तर म्हणते पूर्ण भूल दिलेला म्हातारा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

---

भुलवणारी (दुपारी २:००)

गोळीची पट्टीच दाखवा, "रक्त पातळची" एवढ्यावर जाऊ नका. अॅस्पिरिन असेल तर कमरेतली भूल सहसा अडत नाही. क्लोपिडोग्रेल असेल तर पाच-सात दिवस बंद करावं लागतं, नाहीतर मणक्यात रक्त साकळायचा धोका. आणि खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तेवढे दिवस झोपवून ठेवणं हाही धोकाच, तेव्हा कदाचित पूर्ण भूल हाच मार्ग निघेल. ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी इथून नाही.

काकूंना सांगा, हाच प्रश्न मोठ्या अभ्यासाने विचारला गेलाय. २०२१ साली उत्तर अमेरिकेतल्या १६०० खुबामोड रुग्णांचे निकाल आले. निम्म्यांना कमरेतली, निम्म्यांना पूर्ण भूल. दोन महिन्यांनी चालता येणं, जगणं-वाचणं, ऑपरेशननंतरचा भ्रम, कशातच मोठा फरक निघाला नाही. म्हणजे कमरेतली चढली नाही तर पूर्ण भूल ही हार नव्हे.

उद्या काय होईल ते सांगून ठेवते. मोडलेल्या खुब्याने बसवणं हेच सगळ्यात कठीण. म्हणून आधी जांघेत एक इंजेक्शन देऊन मांडीची नस बधिर करतात, किंवा शिरेतून केटामिन ह्या वेदना मारणाऱ्या औषधाचा लहानसा डोस. मग बसवून, पाठ मांजरासारखी वाकवून, कमरेच्या खालच्या मणक्यांमधून केसासारखी सुई. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, म्हणून "सुईने लुळा होतो" ही भीती सोडा. औषध फक्त दोनेक मिली, चहाच्या अर्ध्या चमच्याएवढं. पायाला ऊब वाटते, मुंग्या येतात, पाय दुसऱ्याचा असल्यासारखा होतो. रक्तदाब उतरतो, कारण पायातल्या शिरा सैल पडतात. त्यावर आमच्याकडे औषध तयार असतं. काहींना हुडहुडी भरते. दोन-तीन तासांनी बोटं हलायला लागतात, लघवी मात्र थोडी उशिरा.

आणि एक कळकळीची विनंती. सहा तास आधी पोट रिकामं. पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण कोकणात मला दर आठवड्याला एक तरी माणूस सांगतो, "काही खाल्लं नाही हो, नुसती पेज प्यायलो." पेज म्हणजे पाणी नव्हे! सोलकढी म्हणजेही नव्हे, त्यात नारळाचं दूध आहे. दुधाचा चहा तर नाहीच.

---

वेंगुर्लेकर_झील (दुपारी २:१५)

पेज पाणी न्हय? आयुष्यभर फसवल्यानी आमका.

---

जुनी_पाने (रात्री ८:४५)

फसलेल्या भुलीवरून आठवलं. ही पद्धत जन्मालाच फसत आली. जर्मनीत कील इथे १८९८ च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट बियर नावाच्या शल्यविशारदाने मणक्यात कोकेन घालून पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्णांना नंतर डोकेदुखी-ओकाऱ्या का होतात हे कळावं म्हणून त्याने स्वतःच्याच पाठीत टोचून घ्यायचं ठरवलं. मदतनीस हिल्डेब्रांटने सुई घातली, तर पिचकारी सुईला बसेना. मणक्यातलं पाणी वाहून गेलं आणि कोकेनही सांडलं. बियरला काही बधिरता आली नाही.

मग दोघांनी जागा बदलल्या. हिल्डेब्रांटला मात्र मस्त चढली. बियरने त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारला, पेटती सिगार टेकवली, केस उपटले, पठ्ठ्याला पत्ता नाही. रात्री दोघांनी वाइन पिऊन साजरं केलं. पुढे बियर कित्येक दिवस डोकं धरून आडवा. बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं, तीच आजही सांगितली जाणारी डोकेदुखी. हिल्डेब्रांटच्या नडग्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

तेव्हा गडगा, अण्णांची पहिली भूल फसली म्हणून बिचकू नका. पहिल्याच डॉक्टरची फसली होती.

---

गडगा (गुरुवार, संध्याकाळी ६:२०)

झालं! सकाळी साडेनऊला आत नेलं, साडेअकराला बाहेर.

काल संध्याकाळी भूल देणाऱ्या मॅडम आल्या. मी चाचरतच विंचवाचं काढलं. त्या अजिबात हसल्या नाहीत. कितीदा, कुठे, शेवटचा कधी, एवढं विचारून कागदावर लिहून घेतलं. "लाल की काळा?" विचारल्यावर अण्णा म्हणाले, "अंधारात रंग बघायला थांबलो असतो तर चावला कशाला असता?" गोळी अॅस्पिरिनच निघाली. मॅडम म्हणाल्या, कमरेतली देऊन बघू, नाही चढली तर झोपवण्याची सगळी तयारी बाजूला असेल, सारखं सारखं टोचत बसणार नाही.

आतलं अण्णांच्या तोंडून. जांघेतल्या इंजेक्शनने बसता आलं. कमरेत टोचल्यावर मॅडम स्पिरिटचा बोळा पोटावर, मांडीवर फिरवून विचारत होत्या, "गार लागतंय?" हे म्हणाले, "लागतंय." पुन्हा थोड्या वेळाने, "आता?" हे म्हणाले, "लागतंय." अण्णांनी मनात धरलं की झालं, विंचू आला आडवा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बोळा फिरतोय हे दिसत होतं पण गार काही नाही. "पाय उचला" म्हटलं तर पाय जागचा हलला नाही. मग हाडात मशीन चालल्याचा आवाज ऐकून ह्यांनी विचारलं, "चिरेखाण काढलीत काय?"

आता हुडहुडी थांबलीय, बोटं हलतायत, लघवीची नळी आहे. पेज मागतायत.

---

सिस्टर_निवृत्त (संध्याकाळी ६:४०)

फार बरं वाटलं. द्या पेज, डॉक्टरांना विचारून. आधी दोन घोट पाणी, ओकारी नाही ना बघा. आणि उद्या उठवतील तेव्हा दोघांनी धरा. पाय आला असं वाटतं, पण गुडघा दगा देतो.

---

शंकासूर (संध्याकाळी ७:०५)

अभिनंदन. तीनदा चावूनही चढली, लिहून ठेवा. पण नऊ वर्षांपूर्वी काय झालं होतं, हा प्रश्न उरतोच. तेव्हाचा कागद आहे का?

---

गडगा (रविवार, रात्री ९:३०)

शंकासूर, तुमच्यामुळे आज घरी येऊन पत्र्याची ट्रंक उपसली. सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या खाली हर्नियाची फाईल सापडली. भुलीच्या कागदावर डॉक्टरी अक्षर, त्यामुळे फोटो काढून भुलवणारी ताईंना निरोपातून पाठवला. त्यांनी वाचून दिलं ते असं: दोन मणक्यांच्या मध्ये चार वेळा प्रयत्न, पाणी अगदी मंद ठिबकत होतं, औषध दिल्यावर डावा पाय बधिर, उजवा अर्धवट, म्हणून पूर्ण भूल.

ताई म्हणाल्या, ह्यात सुई नीट आत नसण्याचीच शक्यता जास्त, पण खात्रीने त्याही सांगत नाहीत.

अण्णांना वाचून दाखवलं. ते वॉकरला टेकून उभे होते. म्हणाले, "छापलेलं काय घेऊन बसलास. विंचवाचंच काम होतं ते. आता म्हातारा झाला असेल, जोर कमी पडला त्याचा."